तिसऱ्या पुकाऱ्याची हरकत

“...या दोघांच्या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्यांनी ती आताच सांगावी,” पाळक बोरुडे म्हणाले, आणि माझे वडील उभे राहिले.

उठायला त्यांना वेळ लागला. गुडघे दुखायचे, आणि पेटी वाजवायला ते खाली सतरंजीवर बसायचे. एक हात पेटीवर टेकून, दुसरा गुडघ्यावर ठेवून ते उठले, धोतर सारखं केलं, आणि तसेच उभे राहिले. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर मी, शेजारी आई. आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडीचा वळ उठला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नवरा-नवरीची नावं पुकारतात. हरकत असेल तर मंडळीसमोर सांगायची, नंतर पाठीमागे कुजबूज नको. रीत चांगली आहे, पण मोरदरीच्या चर्चमध्ये कोणी हरकत घेतल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हतं. एकदा ऐन वेळी कोणीतरी नुसतं खोकललं होतं, तर नवरीच्या आईला घेरी आली होती. आणि इथं तर खुद्द नवरीचा बाप उभा! मी नर्स होते, मिशनच्या दवाखान्यात. रक्त बघून, कापाकापी बघून कधी डगमगले नाही. त्या दिवशी मात्र डगमगले.

हे सगळं झालं त्या निवडणुकीपायी. आणीबाणी उठत होती तेव्हाची निवडणूक. सरकारची निशाणी गाय-वासरू एका बाजूला, विरोधकांची निशाणी नांगरवाला शेतकरी दुसऱ्या बाजूला. आणि मधे मी!

माझे वडील शांतवन चक्रनारायण. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बाकी सारं गाव मास्तर म्हणायचं. मिशन शाळेचे ते हेडमास्तर, आणि चर्चमधली पेटी त्यांची. त्या पेटीचा एक लाकडी पेटारा होता. रविवारी दादा पेटी पेटाऱ्यात घालून चर्चला न्यायचे नि परत आणायचे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, ही आमच्या घरची अकरावी आज्ञा होती. आईसुद्धा त्यावरची धूळ लांबूनच झटकायची.

पेटीच्या जोडीला तबला असायचा याकोबमामा क्षेत्रेंचा. मामा म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर, दादांचे बाळमित्र. पंचवीसएक वर्षं दोघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसत आले होते. त्यांचा मुलगा मनोहर, म्हणजे आमचा मनू, साखर कारखान्यात नोकरीला होता, आणि त्याच्याशीच माझं लग्न ठरलं होतं. ठरवलं आमचं आम्ही, पण दोघा म्हाताऱ्यांना वाटायचं त्यांनीच ठरवलं. आम्ही वाटू दिलं.

दादा गाय-वासरूचे. मामा नांगरवाले. आणि दोघांचंही बायबल तोंडपाठ, म्हणजे बघा.

“वरचे अधिकारी देवानं नेमलेले असतात, याकोब. पौलानं स्वच्छ लिहिलंय,” दादा आमच्या ओट्यावर बसून म्हणायचे.

“आणि पेत्र काय म्हणाला? माणसांपेक्षा देवाचं ऐकावं. तो काय गंमत करत होता?”

“अरे, आपण मूठभर लोक. शाळा सरकारच्या ग्रँटवर चालते. उद्या ग्रँट बंद झाली तर ही पोरं काय शेरडं वळणार?”

“मूठभर मिठानंच हंडाभर कालवणाला चव येते, शांतवन.”

आई आतून ओरडायची, “चहा प्या आणि गप बसा दोघं. पौल आणि पेत्र दोघंही स्वर्गात एका ताटात जेवत असतील.”

ओट्यावर होतं तोवर ठीक होतं. पण ते भांडण चर्चमध्ये शिरलं, आणि तेही प्रार्थनेतून. आमच्या उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहावं, मोठ्यानं प्रार्थना करावी, इतरांनी डोळे मिटून ऐकावं आणि शेवटी आमेन म्हणावं. प्रार्थना करणाऱ्याला मधे कोणी तोडायचं नाही, पाळकांनीसुद्धा नाही. ही सोय दोघांनी बरोब्बर हेरली.

आमचा पहिला पुकारा झाला त्या रविवारी, मतदानाच्या आधी, दादा उभे राहिले. “हे दयाळू बापा, तू आम्हांवर नेमलेल्या अधिकाऱ्यांना सांभाळ. देशाला शिस्त लागली, गाड्या वेळेवर धावू लागल्या, त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.”

“आमेन!” गाय-वासरूवाले गरजले.

लगेच मामा उठले. “हे स्वर्गीय पित्या, तुझे लोक फारो राजाचे गुलाम होते तेव्हाही विटा वेळेवरच पडत होत्या. तेव्हा तू आपल्या लोकांना त्या विटांतूनच सोडवलंस, त्याबद्दल आम्ही तुझी स्तुती करतो.”

“आमेन!” हे नांगरवाले. आवाज जरा जास्तच चढा.

दादा पुन्हा उभे. “आणि प्रभो, तिथून निघालेले लोक चाळीस वर्षं रानात भटकले, याचीही आमच्या बांधवांना आठवण दे.”

“पण पोचले, प्रभो! पोचले!” मामा बसल्या बसल्याच ओरडले.

मी डोळे किलकिले करून पाहिलं तर मनू रुमाल तोंडात कोंबून हसत होता. पाळकांनी घाईघाईनं आमेन म्हणून गीत सांगितलं. त्यातही पेटी संथ चाललेली आणि तबला धावतोय. मंडळीनं कोणाबरोबर गावं? निम्मी पहिल्या कडव्यावर, निम्मी तिसऱ्यावर. तेव्हा आम्हांला ही सारी गंमत वाटत होती.

गंमत नव्हती. मामांचा धाकटा भाऊ स्तेफन हा दादांचा विद्यार्थी. हातावर छड्या खाऊन, आमच्या घरच्या भाकरी खाऊन शिकलेला. आणीबाणी लागली त्या साली त्यानं तालुक्याच्या बाजारात घोषणा दिल्या आणि पोलिसांनी त्याला उचललं. दीड वर्ष नाशिकच्या तुरुंगात. निवडणूक जाहीर झाल्यावर सुटून आला तेव्हा गालांची नुसती हाडं राहिली होती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, कोणाशी फार बोलायचा नाही.

दुसरा पुकारा मतदानानंतरचा. निकाल लागायचा होता. मोकळ्या प्रार्थनेला मामा उभे राहिले. आवाज नेहमीचा नव्हता. हळू बोलत होते.

“प्रभो, शेवटच्या दिवशी तू विचारशील, मी तुरुंगात होतो तेव्हा मला भेटायला कोण आलं? त्या वेळी या मंडळीतलं कोण कोण मान खाली घालेल ते तुला ठाऊक आहे. शाळेची ग्रँट मोठी की माणूस मोठा, ते तूच सांग.”

आमेन कोणीच म्हणालं नाही. नांगरवालेही नाही.

दादांनी पेटीचा भाता बंद केला. पेटी पेटाऱ्यात ठेवली, पेटारा उचलला आणि उपासना अर्ध्यात सोडून ते चालते झाले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी पोचलो तर ओट्यावर बसलेले.

“एस्तेर, हे लग्न होणार नाही,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी मी हरकत घेणार.”

“कशाबद्दल?” मी विचारलं. “मनूनं काय केलंय?”

“मनूनं नाही. ज्या घरात माझी अशी किंमत होते त्या घरात मुलगी द्यायची नाही.”

“दादा, मुलगी मी आहे. किंमत माझी मी बघून घेईन.”

“वर तोंड करून बोलू नकोस!”

मी आत गेले आणि भांडी घासली. म्हणजे आपटली. माझा राग भांड्यांनाच कळतो, अजूनही. पण दादांचा शब्द म्हणजे मोरदरीत काळ्या दगडावरची रेघ. ते उभे राहिले तर पंचांची बैठक बसणार, चर्चा, साक्षी, नि मनूचं आणि माझं नाव गावभर. मनू भिडस्त माणूस. बापाविरुद्ध जाऊन त्यानं कधी कपभर चहा मागितला नव्हता. माझा जीव खरंच टांगणीला लागला.

संध्याकाळी तो दवाखान्याच्या विहिरीपाशी भेटला. मी त्याच्यावरच घसरले.

“तुझ्या वडलांना जीभ आवरता येत नाही का रे?”

“आणि तुझ्या वडलांना भेटायला जाता येत नव्हतं का?”

“माझ्या वडलांना काही बोलायचं नाही, सांगून ठेवते.”

मनू म्हणाला, “बघ एस्तेर. आपलंही सुरू झालं.”

मला रडूच आलं. तो बिचारा रहाटाच्या खांबाला टेकून उभा राहिला, आणि काय करावं हे न सुचून त्यानं मला एक बादली पाणी शेंदून दिलं.

इकडे आई वेगळ्याच कारणानं पेटली होती. “भेटायला गेले नाहीत म्हणतो! माझे मालक गेले होते की नाशिकला! मी स्वतः स्वेटर विणून दिला होता स्तेफनसाठी. विटकरी. हातानं दिला म्हणाले. एवढ्या लोकांत खोटं बोलतो हा याकोब, तेही देवासमोर!”

“मग दादा तसं का सांगत नाहीत?” मी म्हणाले.

“उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नाही, असला त्यांचा स्वभाव. पण मी काय गप्प बसणार आहे?”

आणि पदर खोचून निघालीच. मी मागोमाग. मामा घरात नव्हते. स्तेफनमामा अंगणात चारपाईवर बसून शेंगा सोलत होते. आम्हांला पाहून उठले, सलाम केला.

“स्तेफन, खरं सांग,” आईनं दारातूनच विचारलं. “स्वेटर झाला का रे बरोबर?”

“कुठला स्वेटर, वहिनी?”

“विटकरी. मास्तरांनी नाशिकला आणून दिला तो.”

स्तेफनमामा आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. माणूस हुशार. दीड वर्षात बोलणं कमी झालं होतं, समज नाही.

“तिथं वस्तू पोचतातच असं नाही, वहिनी,” ते म्हणाले. “मधल्या मधे जातात.”

आई म्हणाली, “मेले चोर!” आणि तुरुंगातल्या समस्त शिपायांचा उद्धार करत घरी आली. पण मी स्तेफनमामांचा चेहरा बघितला होता. आणि घरी आल्यावर आईनं ते सारं दादांना सांगितलं, तेव्हा दादांचाही बघितला. ते त्या रात्री जेवले नाहीत.

मधल्या आठवड्यात निकाल लागला. दिल्लीतलं सरकार बदललं. आमच्या मतदारसंघात कोण निवडून आलं ते, विश्वास ठेवा, मला आता आठवतसुद्धा नाही. याकोबमामांनी गावात पेढे वाटले, आणि आमच्या ओट्यावरही एक पुडा ठेवून गेले. दादांनी हात लावला नाही. आईनं दोन खाल्ले. म्हणाली, पेढ्यानं कोणाचं काय वाकडं केलंय?

शनिवारी मी दादांसमोर जाऊन बसले. “उद्या काय करणार आहात?” मी विचारलं. “मला आज सांगा. मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडणार नाही.”

“उद्या उभा राहणार,” ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. “राहिलंच पाहिजे.”

तर असे दादा उभे होते.

पाळकांनी हातातला कागद खाली घेतला. “मास्तर,” ते म्हणाले, “तुमची... तुमची हरकत आहे?”

“आहे.”

मनू बाकावरून अर्धा उठला. मामा तबल्यावर हात ठेवून समोर भिंतीकडे बघत होते.

“माझी हरकत नवऱ्या मुलावर नाही,” दादा म्हणाले. शाळेत धडा वाचावा तसा मोठा आवाज, पण फाटलेला. “मुलीवर नाही. मुलीच्या बापावर आहे. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर दान वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असं मी तुमच्या पोरांना शिकवत आलो. ही मुलगी माझं दान आहे. माझा समेट झालेला नाही, म्हणून मला ती देता येत नाही.”

बाकांवरची माणसं पुढे वाकली.

“याकोब गेल्या रविवारी जे म्हणाला ते अर्धं खरं आहे. मी नाशिकला गेलो होतो. फाटकापर्यंत. शिपायानं विचारलं, कैदी कोण तुमचा? नाव, गाव, नोकरी सांगा, वहीत लिहायचंय. मला शाळा आठवली. ग्रँट आठवली. मी म्हणालो, मी चुकून इकडे आलो. मी त्या माणसाला ओळखत नाही.” ते थांबले. “पेत्रानं प्रभूला नाकारलं तेव्हा कोंबडा तरी आरवला. तिथं आरवला नाही. एस.टी.चा हॉर्न वाजला, आणि मी चढून बसलो. घरी येऊन बायकोशी खोटं बोललो.”

आईनं माझं मनगट सोडलं.

दादा वाकले. पेटीच्या मागे तो पेटारा होता. त्याचं झाकण उघडून, तळाचं फडकं बाजूला करून त्यांनी तो स्वेटर बाहेर काढला. विटकरी. दीड वर्ष पेटीखाली दबून त्याला पेटीच्या पायांचे खळगे पडले होते. दर रविवारी तो आमच्यासमोर चर्चमध्ये येत होता आणि घरी जात होता, आणि एकालाही पत्ता नव्हता.

“मत मी दिलं ते दिलं,” दादा म्हणाले. “ते मला अजूनही बरोबरच वाटतं. पण हे बरोबर नव्हतं.”

आणि हातात स्वेटर धरून ते तसेच उभे राहिले. कोणाला द्यावा, कसा द्यावा, त्यांना कळेना. मला इतकी माया आली त्यांची! सारा राग कुठल्या कुठे गेला. धावत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं.

मग याकोबमामा उठले. दादांकडे त्यांनी बघितलं नाही. मंडळीकडे वळून दरडावलं, “डोळे मिटा रे सगळ्यांनी!”

सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले.

“हे बापा,” मामा म्हणाले. नाक ओढलं, पुन्हा सुरुवात केली. “हे बापा, हा माणूस फाटकापर्यंत गेला होता, हे मला आधी सांगायला तुझं काय जात होतं? इतके दिवस मी याच्या नावानं बोटं मोडली. तबला वाजवताना याच्याकडे पाठ करून बसलो. त्याची मला क्षमा कर. हा फाटकापाशी घाबरला. इथले बाकीचे तर घरातून निघायलाच घाबरले, त्यांचंही बघ. याचं मत साफ चुकीचं आहे, तेवढं मात्र तू सुधार. आणि आता याला खाली बसव, प्रभो, याच्या गुडघ्यांत दम नाही.”

“आमेन!”

एकच आमेन आला. गाय-वासरूचं कुठलं आणि नांगराचं कुठलं, देवालाही वेगळं काढता आलं नसतं. पत्र्याचं छप्पर घुमलं.

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा स्तेफनमामा मागच्या बाकावरून उठून पुढे येत होते. दादांसमोर आले. दादांनी मान वर केली नाही. स्तेफनमामांनी त्यांच्या हातातून स्वेटर घेतला, झटकला, आणि शर्टावरून अंगात चढवला. मार्चअखेरचं ऊन, वर तापलेला पत्रा. एक बाही दुसरीहून बोटभर लांब निघाली. आईला विणकाम कधी धड आलंच नाही.

“झाला बरोबर, वहिनी,” ते बायकांच्या बाजूला बघून म्हणाले.

आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि मधेच माझ्या कानात म्हणत होती, “घरी जाऊ दे, मग बघते यांच्याकडे. दीड वर्ष!”

“मग मास्तर,” पाळकांनी विचारलं, “हरकत मागे घेता ना?”

“याकोबला विचारा,” दादा म्हणाले.

“मला काय विचारता?” मामा सतरंजीवर बसत म्हणाले. “याला म्हणावं सूर दे. मी केव्हाचा खोळंबलोय.”

दादांनी सूर दिला. त्या दिवशी सारी मंडळी एकाच कडव्यावर होती.

आमचं लग्न पुनरुत्थानाच्या सणानंतर लागलं, एप्रिलच्या भर उन्हात. लोक घामानं निथळत होते, नवरदेवाचा कोट पाठीला चिकटला होता. जेवणाच्या मांडवात दोघा व्याह्यांची नव्या सरकारवरून जुंपलीच होती. “सहा महिने टिकलं तर माझं नाव बदल,” असं दादा म्हणत होते, आणि मामा त्यांच्या पानात तिसऱ्यांदा बुंदी वाढत होते. स्तेफनमामा वाढायला फिरत होते. अंगात तो विटकरी स्वेटर. पोरं बोट दाखवून हसत होती.

शेवटी दादांना राहवलं नाही. त्यांनी स्तेफनमामांचा हात धरला. “अरे, काढ की आता तो. किती घामाघूम झालायस! लोक हसतात, बघ.”

स्तेफनमामांनी बुंदीचं ताट खाली ठेवलं. लांब बाही कोपरापर्यंत सारली.

“राहू द्या, मास्तर,” ते म्हणाले. “नाशिकला फार थंडी होती.”